गॉस्पेल क्वायरमध्ये गाणाऱ्यांनी आवाज कसा सांभाळायचा? रविवारनंतर आवाजच राहत नाही

ऐरोलीची_आल्टो:

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते, आज विचारतेच. मी ऐरोलीला राहते, शाळेत प्रायमरीला शिकवते आणि आमच्या मंडळीच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांतला खालच्या सुरांचा भाग, गाते. सकाळी मराठी उपासना आणि ती संपली की लगेच इंग्लिश-हिंदी सर्व्हिस, दोन्हीला मी असतेच कारण आल्टोत आम्ही तिघीच आणि बाकी दोघींची मुलं लहान आहेत, त्या कधी येतात कधी नाही. मराठी उपासनेत काहीच त्रास नाही, पेटी-तबल्यावरची भजनं असतात, मधल्या सुरातली, आरामात होतात. त्रास होतो तो दुसऱ्या सर्व्हिसला, तिथे पूर्ण गॉस्पेल स्टाइल, ड्रम्स, बेस गिटार, कीबोर्ड सगळं. आणि गॉस्पेलचं कसं असतं माहितीये ना, शेवटी एकच ओळ फिरत राहते आणि दर दोन फेऱ्यांनी कीबोर्डवाला अर्ध्या सुराने वर नेतो, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, डोळ्यांत पाणी आहे लोकांच्या, अशा वेळी हात राखून गाववत नाही हो. जीव ओतून गाते. मग दुपारपर्यंत घोगरा आवाज आणि सोमवारी शाळेत हजेरी घ्यायला आवाज नाही.

पूर्वी मंगळवारपर्यंत मोकळा व्हायचा, आता गुरुवार उजाडतो. घसा दुखत नाही, पण सारखं खाकरावंसं वाटतं. आणि एक विचित्र गोष्ट, वरचे सूर हळू आवाजात काढायला गेले तर नुसती हवा येते, सूर लागतच नाही, पण जोर लावला की लागतो. हे काय आहे? फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि घसा दुखायची गोळी दिली, फरक शून्य. ज्येष्ठमध चघळते, खडीसाखर तोंडात असते, हळदीचं दूध रोज रात्री, गुळण्या सुरूच आहेत. आई म्हणते दही-केळं बंद कर, तेही केलं.

पुढे डिसेंबर येतोय, बिल्डिंगा बिल्डिंगांतून कॅरल राउंड, मग ख्रिसमस ईव्ह, मग ३१ ची वॉच नाइट म्हणजे रात्रीची उपासना. क्वायर सोडायचा नाहीये मला, ही माझी सेवा आहे आणि आठवडाभर मी त्याचीच वाट बघत असते. ज्यांनी वर्षानुवर्षं गायलंय त्यांनी प्लीज सांगा काय करायचं. ईएनटीकडे जायलाच हवं का, की घरीच जमेल?

कोपरीचे_काका:

जय ख्रिस्त बेटा. मी ठाण्यात कोपरीला असतो, तरुणपणापासून टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, गातोय, आता क्वायरच्या मुलांना शिकवतो. ईएनटीला दाखव हे आधी सांगतो, बाकी मग वाच. एवढे दिवस आवाज परत येत नाही म्हणजे घरगुती काढ्यांचं काम राहिलेलं नाही.

आता तुमच्या गाण्याबद्दल बोलतो. आपल्याकडच्या वर्शिप टीम गॉस्पेल गातात पण गॉस्पेल बांधलेलं कसं असतं ते बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. १९३० च्या दशकात शिकागोत थॉमस डॉर्सी यांनी कृष्णवर्णीयांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये हे कोरस उभे केले. त्या परंपरेत लीड गाणारा हाक देतो आणि क्वायर उत्तर देतं, लीडवाला गातो तेव्हा क्वायर श्वास घेतं, क्वायर गातं तेव्हा लीडवाला. म्हणजे विश्रांती गाण्यातच बसवलेली आहे. वर क्वायर भलं मोठं, एकाला खोकला आला तर शेजारचा सांभाळतो. आपण काय करतो? सहा जणं, प्रत्येकाच्या हातात माइक, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळेच सगळं गातात. मग घसा टिकणार कसा?

दुसरं, तिथल्या क्वायरमध्ये बहुतेक वेळा तीनच भाग असतात, सोप्रानो (बायकांतला वरचा), आल्टो, टेनर. बेस, म्हणजे पुरुषांतला खालचा आवाज, नसतोच. त्यामुळे सगळ्यांचेच भाग वर सरकलेले. आल्टोचं मरण यातच आहे, कारण आल्टोवाल्या बायका छातीतला जाड आवाज तसाच वर ढकलत नेतात, जिथे तो पातळ करायला पाहिजे तिथे करत नाहीत. महालिया जॅक्सनचं नाव ऐकलं असशील, गॉस्पेलची राणीच म्हणायचे तिला, तिचा आवाज कॉन्ट्राल्टो होता, म्हणजे बायकांतला सगळ्यात खालचा. वर गेलं तरच अभिषेक उतरतो असं कुणी सांगत असेल तर त्याला तिचं एक रेकॉर्डिंग ऐकव.

तुमच्या कीबोर्डवाल्याला सांग मूळ पट्टीच दीड सूर खाली घे. समजा पेटीवरची काळी चार धरलीये, तर ती पांढरी चारला कर की, एवढं सोपं आहे. तीन वेळा अर्ध्या सुराने वर चढवलं तरी मग तू जेमतेम काळी चारवरच येशील. आपल्या गवयांनी पट्टी स्वतःच्या गळ्याप्रमाणे धरली, पेटीच्या सोयीने नाही.

आणि रविवारी सर्व्हिस संपली की बाहेर चहा घेत तासभर ज्या गप्पा होतात ना त्या बंद. गाणं नाही तेवढं ते बोलणं आवाज खातं, आतमध्ये बॅंड पॅकअप करतोय, पोरं ओरडतायत आणि त्यावर आवाज चढवून बोलायचं. नमस्कार करा, हसा, घरी जा. दुपारी झोपा.

हो, ज्येष्ठमधाबद्दल, रोजच्या रोज चघळू नको. खूप दिवस खाल्लं तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. तुझं वय कमी असेल पण तुझं बघून घरातले मोठे पण खायला लागतात.

वाचाउपचार_वाशी:

काकांनी छान लिहिलंय. मी स्पीच थेरपिस्ट आहे, वाशीला काम करते, आवाजाचे पेशंट रोज बघते, त्यात शिक्षिका सगळ्यात जास्त आणि त्यानंतर गाणारे. ताई तुम्ही दोन्ही आहात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही जे लिहिलंत ना की वरचा सूर हळू लागत नाही, जोर लावला की लागतो, ते या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं आहे. स्वरतंतूंच्या कडेला सूज असली की हळू फुंकेवर ते थरथरत नाहीत, जास्त हवा रेटावी लागते. अनुभवी गायक रोज सकाळी हेच तपासून बघतात, एखादी सोपी ओळ अगदी बारीक आवाजात वरच्या पट्टीत म्हणायची, सूर फुटला किंवा उशिरा लागला तर त्या दिवशी जपायचं. घसा दुखणं हा निकष धरू नका, गाठ असूनही दुखत नाही कित्येकांना.

आत काय चाललंय ते समजून घ्या. बाईचे स्वरतंतू जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीचे. मधला ए सूर, ४४० हर्ट्झचा, तुम्ही धरला की ते सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर येतात, म्हणजे मिनिटाला २६ हजारांच्या वर. जेवढा जोर तेवढी टक्कर जास्त. सतत एकाच जागी टक्कर होऊन तिथे सूज येते आणि पुढे कुदळ चालवणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात तसे दोन्ही बाजूंना समोरासमोर घट्टे पडतात, त्यालाच नोड्यूल म्हणतात. बहुतेक वेळा थेरपीने बसतात, ऑपरेशन लागत नाही. एका बाजूचा पॉलिप, म्हणजे मऊ गाठ, असेल तर गोष्ट वेगळी, त्याला कधी कधी ऑपरेशन लागतं. पण यातलं तुम्हाला काय आहे हे बाहेरून ऐकून मीही सांगू शकत नाही आणि कुणीच सांगू नये. दुर्बिणीने बघायलाच लागतं.

तीन-चार आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर ईएनटीकडे जायचंच, गाणारा माणूस असेल तर त्याच्याही आधी. जाताना विचारा स्ट्रोबोस्कोपी होते का. त्यात लुकलुकणारा लाइट टाकून तंतूंची हालचाल संथ करून दाखवतात, नुसत्या टॉर्चने आणि आरशाने सुरुवातीची सूज सुटून जाऊ शकते. घाबरू नका, घशात स्प्रे मारतात, कॅमेरा तोंडातून किंवा नाकातून जातो आणि पाच-दहा मिनिटांत होतं. प्रायव्हेटचा खर्च झेपत नसेल तर नायर हॉस्पिटलला स्पीच थेरपीचा वेगळा विभाग आहे, बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथेही थेरपी मिळते. ऐरोलीहून लांब पडतं हे खरं, पण थेरपी रोज नसते.

आता घरच्या उपायांचं. गुळण्या, मध, आलं, खडीसाखर यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं, स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तोंडाशी आहे, तिथे चुकून थेंब गेला तर ठसका लागतो. घशाला बरं वाटतं म्हणून घ्या, माझी ना नाही. तिथे थेट पोचते ती फक्त वाफ. साध्या पाण्याची दहा मिनिटं, त्यात बाम-निलगिरी काही टाकू नका. मेंथॉलच्या गोळ्यांनी घसा बधिर होतो आणि मग तुम्ही जास्तच ताणता. पाणी रविवारी सकाळी स्टेजवर घोट घोट घेऊन भागत नाही, शनिवारपासून प्यायला हवं, ते रक्तातून तिथे पोचायला वेळ लागतो. सर्दी-ॲलर्जीच्या गोळीने पण कोरडं पडतं, रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा तुम्ही गाता म्हणून.

आणि दुखायची गोळी कुठली दिलीय ते बघा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊन जोरात गायचं नाही, रक्तस्रावाची शक्यता वाढते. गाता गाता एकदम फट्कन आवाज गेला तर तिथेच थांबायचं, पुढचं कडवं सुद्धा नाही, पूर्ण मौन आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईएनटी. तंतूत रक्त उतरलेलं असू शकतं आणि त्यावर गायलं तर कायमचा डाग राहू शकतो. हे सगळ्या क्वायरला सांगून ठेवा.

खाकरणं बंद करा, प्रत्येक खाकरण्याला तंतू एकमेकांवर आदळतात. त्याऐवजी घोटभर पाणी, नाहीतर नुसतं जोरात गिळा. खाकरावंसं वाटणं सकाळी उठल्यावर जास्त असेल तर ॲसिडिटी वर येत असेल, जेवण आणि झोपण्यात तीन तास ठेवा. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलू नका, बऱ्याच जणांना त्याने उलट ताण येतो, हळू पण नॉर्मल आवाजात बोला. पाळीच्या आधीचे एक-दोन दिवस काहीजणींचे तंतू सुजतात, वरचे सूर जड जातात, त्या रविवारी लीड घेऊ नका, यात लाजण्यासारखं काही नाही.

आता एक करायची गोष्ट. अर्धा ग्लास पाणी घ्या, जाडसर स्ट्रॉ त्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडवा आणि त्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा, खालच्या सुरातून वर आणि परत खाली, गाल सैल, मान सैल. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, गाण्याच्या आधी आणि गाण्याच्या नंतरही. ओठांच्या टोकाशी हवा अडली की उलटा दाब तयार होतो आणि तंतू कमी टकरेवर थरथरतात. आवाजावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी यावर खूप काम केलंय, आता जगभर गाणारे हे वापरतात. नंतर करणं लोक विसरतात, मोठ्याने गाऊन झाल्यावर तर त्याची जास्त गरज असते.

फेडरवाला_घणसोली:

मी साउंड बघतो, चर्चमध्ये आणि बाहेर इव्हेंटलाही. मला आवाजाचं मेडिकल काही कळत नाही पण ताईंचं वाचून एक प्रश्न आला, तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येतो का? ९०% चर्चमध्ये येत नाही असं म्हणणार नाही, पण मी जिथे जिथे गेलोय तिथे क्वायरची हीच तक्रार असते. आपल्याकडे नवी मुंबईत बऱ्याच फेलोशिप भाड्याच्या हॉलमध्ये भरतात, कमर्शियल कॉम्प्लेक्सचा वरचा मजला, खाली टाइल्स, वर फॉल्स सिलिंग, तिन्ही बाजूंना काच. ड्रम्स क्वायरच्या अगदी मागे. आवाज आपटून आपटून परत येतो. माणूस गोंगाटात आपोआप आवाज चढवतो, त्याला कळतही नाही, याला लोंबार्ड इफेक्ट म्हणतात, फ्रान्सच्या एका ईएनटी डॉक्टरने १९११ मध्ये मांडलेला. म्हणजे तुम्ही कितीही ठरवलंत की आज हळू गाईन तरी मागे ड्रमची झांज वाजली की तुम्ही ओरडणार, त्यात तुमचा दोष नाही.

तर साउंडवाल्याला पकडा आणि सांगा, आल्टोंना एक मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, द्या, समोर जमिनीवर, आणि त्यात आधी आल्टोंचा आवाज, मग कीबोर्ड, ड्रम्स अजिबात नको. मॉनिटर नसेल तर एका कानात बोट घालून किंवा फोमचा प्लग घालून गाऊन बघा, स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो आणि लगेच जोर कमी होतो. माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा, छातीशी नको, आणि जाळीवर मूठ आवळू नका, माइक शिट्टी मारतो, मग साउंडवाला तुमचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, खाली घेतो आणि तुम्ही अजून ओरडता. ड्रमर पोरगा तरुण असेल तर त्याला रॉड्स आणून द्या, त्या पातळ काड्यांच्या जुडीच्या स्टिक येतात, निम्मा आवाज तिथेच कमी होतो. रागावू नका त्याच्यावर, प्रेमाने सांगा, ऐकतात पोरं.

शाळेत पण बघा, कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि हेडसेट माइक मिळतो, कोचिंग क्लासवाले वापरतात. आठवडाभर वर्गात ओरडून रविवारी गायचं म्हणजे अवघड आहे.

ऐरोलीची_आल्टो:

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. स्कोप, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करून आले. दोन्ही बाजूंना सूज आहे आणि नोड्यूलची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन नाही, थेरपी आणि आवाज जपायचा. स्क्रीनवर स्वतःचे स्वरतंतू बघितले, पांढरे, बारीक, आणि मधोमध दोन्हीकडे उंचवटा, मी 'ई' म्हटलं की तिथेच आधी टेकत होते आणि वर-खाली फट राहत होती. हवा का येत होती ते समोर दिसलं. दुखायची गोळी आयब्युप्रोफेनच होती, बंद केली.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. थेरपी चालू असताना गाणं पूर्ण बंद करायचं का? आणि टीमला कसं सांगायचं? आमचे वर्शिप लीडर चांगले आहेत पण क्वायरमध्ये एक समज आहे की प्रभूसाठी गाताना आवाज राखला तर ते अर्पण अर्धवट झालं. उपवास प्रार्थनेला पण पाणी न पिता सलग गातात काहीजण. मला वाद नको आहे, पण शांत बसून पण चालणार नाही ना आता.

वाचाउपचार_वाशी:

ताई, बरं झालं बघून आलात, आणि लवकर बघितलंत. पूर्ण बंद शक्यतो करायला लागत नाही, पण किती गायचं ते तुमच्या थेरपिस्टने ऐकून ठरवावं. साधारण सहा ते आठ आठवडे थेरपी चालते, त्या काळात मी माझ्या पेशंटना एकच सर्व्हिस करायला सांगते, तीही मधल्या पट्टीतली. तुमच्याकडे मराठी उपासना आहेच, ती ठेवा. दुसरीत बसा, ऐका, ओठही हलवू नका, नुसते ओठ हलवले तरी सवयीने घसा आवळतो. त्यानंतर परत स्कोप आणि मग डिसेंबरचं ठरवा. कॅरल राउंडला मी आत्ताच नाही म्हणेन, रात्रीचा गारवा, रस्त्यावरची धूळ, माइक नाही आणि चौथ्या मजल्यापर्यंत आवाज पोचवायचा, यापेक्षा वाईट काही नाही तुमच्यासाठी. पेटी घ्या हातात नाहीतर खंजिरी.

घोडबंदरची_सोप्रानो:

टीमचं मी सांगते कारण आमच्याकडे हे होऊन गेलंय. मी घोडबंदर रोडला, इथे मेट्रोच्या कामाची धूळ वर्षानुवर्षं खाल्लीय, आमच्या सोप्रानोंतली निम्मी टीम कायम खोकत असायची. आम्ही पाळकसाहेबांशी बोललो, प्रॅक्टिसमध्ये सगळ्यांसमोर नाही, त्यांच्या घरी जाऊन, आणि रिपोर्ट सोबत नेला. त्यांनी शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे हे करिंथकरांसच्या पत्रातलं वचन काढलं आणि पुढच्या रविवारी स्वतः सांगितलं की गाणाऱ्यांची काळजी मंडळीने घ्यायचीय. वरून आलं की कुणी वाद घालत नाही. लीडरशी पण तसंच करा, तुम्हाला काय होतंय ते आधी, काय बदलायचं ते मग.

बदललं काय तर प्रत्येक गाण्याची पट्टी शनिवारी ठरते आणि कीबोर्डवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेली असते, मूडमध्ये येऊन वर न्यायचं असेल तर एकदाच. शेवटच्या फेऱ्यांना भाग वाटून घेतो, पहिल्या फेरीला टेनर, मग आल्टो, मग मंडळी, मग सगळे. मंडळीला गाऊ द्यायचं हे आम्हाला सुचलंच नव्हतं, आता ते इतकं छान होतं की बॅंड थांबतो आणि नुसता लोकांचा आवाज असतो. रात्रभर प्रार्थना असली तर एका माणसाने सलग अर्ध्या तासाच्या वर लीड करायचं नाही. उपवासात पाणी चालतं हे पाळकसाहेबांनीच सांगितलं. आणि उपवास सोडताना रात्री उशिरा बिर्याणी असायची ती आता संध्याकाळी लवकर असते, तिखट कमी. त्यावर थोडी कुरकुर झाली पण झाली एकदाची.

तुमच्या त्या दोघी ज्यांची मुलं लहान आहेत, त्यांना विचारा मुलांना सर्व्हिसच्या वेळी कोणी सांभाळलं तर येतील का. संडे स्कूलच्या बायका तयार होतात, आमच्याकडे झाल्या. आल्टोत तुम्ही एकट्या उरता हाच खरा ताण दिसतोय मला. आणि तोपर्यंत लागलं तर सांगा, आमच्याकडची एक आल्टो वाशीला नोकरी करते, रविवारी ठाणे-वाशी लोकलने ऐरोलीला उतरू शकते, मी विचारून ठेवते तिला. तुमची दुसरी सर्व्हिस किती वाजता असते?